कामठ्याच्या बदल्यात

"आदिवासी माणूस भोळा असतो." हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा बोललो असेन, त्याचा हिशेब आता लागायचा नाही. शाळेच्या स्टाफरूममध्ये, सहलीच्या बसमध्ये, भंडारदऱ्याला काजवे बघायला आलेल्या पुण्याच्या पाहुण्यांसमोर आणि बंडकरी राघोजी भांगऱ्यांवरच्या माझ्या प्रत्येक भाषणात. प्रेमानेच बोलायचो. त्यात काही वावगं आहे हे कळायला मला एकसष्ट वर्षं लागली, ती त्या प्रेमामुळेच.

मी संगमनेर तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये गणित शिकवायचो. मूळचे आम्ही राजूरचे. जिल्ह्याला आता अहिल्यानगर म्हणतात. आमच्या तोंडात अजून नगरच येतं. राजूरच्या पेठेत आजोबांचं किराणा-भुसाराचं दुकान होतं. बाजाराच्या दिवशी डांगाणातली, डोंगरपट्ट्यातली माणसं डोक्यावर ओझी घेऊन यायची. हिरडा, मध, नागली, वरई घालायची आणि मीठ, मिरची, गूळ, घासलेट, सुकट घेऊन जायची. पैसा फारसा फिरायचा नाही, मालाला माल. पुढे 1976 साली आदिवासींच्या आर्थिक सुधारणेचा कायदा आला, एकाधिकार खरेदी सुरू झाली, हिरडा आदिवासी विकास महामंडळाकडे जाऊ लागला आणि आमच्या ओट्यावरची निम्मी वर्दळ गेली. आजोबा खांबाला टेकून म्हणायचे, "सरकारनं त्या भोळ्यांचं वाटोळं केलं. आता त्यांना कोण सांभाळणार?" मी चौदा-पंधरा वर्षांचा होतो. मला ते अगदी पटायचं. 'भोळा' हा शब्द मला वारशात मिळाला, तो असा.

आणखी एक गोष्ट वारशात मिळाली. दुकान मिटलं तेव्हा चुलत्यांनी जागा घेतली, तराजू भंगारात गेला आणि धान्य मापायच्या दोन लोखंडी पायल्या मी मागून घेतल्या. मला जुन्या वस्तूंचा नाद आहे. पुण्यातलं राजा केळकर संग्रहालय शाळेच्या सहलीत पाहिलं तेव्हापासूनचा. माझ्याकडे अडकित्ते आहेत, समया आहेत, सात प्रकारची कुलुपं आहेत. दोन पायल्यांपैकी एक मी घासूनपुसून शोकेसमध्ये ठेवली आणि खाली कार्ड लावलं: 'आजोबांची पायली. आमच्या दुकानाची पायली मोठी होती.' आजोबा हसत हसत हे वाक्य म्हणायचे, "आपली पायली मोठी हो!" दिलदार माणूस, असंच मी समजत आलो.

माझ्या संग्रहात धनुष्य नव्हतं.

हे धनुष्याचं वेड कुठून लागलं ते सांगतो, म्हणजे माझी हाव नीट कळेल. इंग्रजांच्या लाँगबोबद्दल मी वाचलं होतं. 1545 साली त्यांचं 'मेरी रोज' नावाचं लढाऊ जहाज बुडालं आणि 1982 साली समुद्रातून वर काढलं. त्यातून दीडशेहून अधिक लांब धनुष्यं निघाली. चारशे वर्षांहून जास्त काळ चिखलात राहूनही ओळखू येतील अशी. यू नावाच्या झाडाची. त्या लाकडाची गंमत अशी की, सालीलगतचं पांढरं लाकूड ताण सोसतं आणि गाभ्याचं लाल लाकूड दाब सोसतं. एकाच फळीत दोन स्वभाव. वाचताना माझ्या डोक्यात आलं की हे तर आपल्या वेळूत आहेच. वेळूचा जो बाहेरचा तुकतुकीत पापुद्रा, तिथेच तंतू दाट. आत जाल तसे विरळ. आपल्याकडचा कामठा म्हणजे या लाँगबोचाच भाऊबंद: माणसाएवढा उंच, एकसंध, बाक न दिलेला. असा हातचा, जुना, नीट केलेला कामठा आता मिळणं अवघड. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य 1986 चं. शिकारीला बंदी आली तसे कामठे माळ्यावर गेले. ज्यांना करता येत होते ती माणसं म्हातारी होऊन गेली. सणावारी नाचात मिरवायला जे करतात, ती शोभेची काठी असते.

2023 च्या ऑक्टोबरात घाटघरच्या बाजूला एका ठाकरवाडीत गेलो होतो. माझा एक जुना विद्यार्थी तिथे राहतो. भाताच्या कापणीआधी या म्हणून किती वर्षं बोलवत होता. घरात शिरलो, डोळे अंधाराला सरावले आणि चुलीच्या वर, धुरानं काळ्या झालेल्या वाशांना आडवा टांगलेला तो दिसला. पाच-साडेपाच फूट. मला पुढचं बोलणं ऐकूच येईना.

विद्यार्थ्याच्या वडिलांनी तो खाली काढून दिला. पंचाहत्तरीच्या पुढचे असावेत. मी त्यांना बाबा म्हणायला लागलो, ते मला गुरुजी. कामठा त्यांच्या बापाने केलेला. फडक्याने पुसला तसा आतून गुळाच्या काकवीसारखा रंग वर आला. पाठीला वेळूची साल जशीच्या तशी होती, तिला हत्यार लावलेलं नव्हतं. पेरांच्या गाठी तेवढ्या हलक्या हाताने घासलेल्या. पोटाची बाजू कोयत्याने तासून, मग काचेच्या तुकड्याने खरवडून गुळगुळीत केलेली. मधे जाड, टोकांकडे उतरत गेलेला, आणि दोन्ही बाजूंचा उतार इतका सारखा की मला कंपास लावून बघावासा वाटला. दोरीसुद्धा वेळूचीच होती, सालीची लांब चीप, टोकांना वाकाचे फास बांधलेले. ओल्या दिवसांत सुताची दोरी सैल पडते, ही पडत नाही, असं बाबा म्हणाले.

त्यांनी गुडघ्यात धरून दोरी चढवून दिली. मी हातात घेतला, जोर लावून छातीपर्यंत ओढला आणि सोडून दिला. तीर नव्हता लावलेला. 'टण्ण' असा आवाज झाला आणि बाबांच्या तोंडातून "हां हां हां!" निघालं, लहान पोर विहिरीच्या काठावर गेल्यावर निघावं तसं. रिकामा कामठा सोडायचा नसतो. तीर जो जोर घेऊन जातो तो सगळा मग कामठ्यालाच बसतो, वेळू उभा चिरतो. साठ-सत्तर वर्षं जपलेली वस्तू मी पहिल्या मिनिटाला मोडायला निघालो होतो. आणि तरी मनात विचार कोणता? की ही वस्तू या लोकांकडे टिकायची नाही, माझ्याकडे यायला हवी.

बाबा सांगत होते. वेळू तीन पावसाळे खाल्लेला पाहिजे, कोवळा चालत नाही. अंधाऱ्या पाखात तोडायचा. मग धुरात टांगून वर्षभर विसरायचं. पाच तोडले तर त्यातला एक कामठा व्हायचा, बाकीचे कुडाला. मी मान हलवत होतो. भाषणात मी लिंबारामचं उदाहरण द्यायचो, राजस्थानात वेळूच्या धनुष्यावर पाखरं टिपणारा पोरगा 1992 ला बार्सिलोनाच्या ऑलिंपिकमध्ये उभा राहिला, वगैरे. आणि पुढचं वाक्य ठरलेलं: "आदिवासींना नेमबाजी उपजतच येते, निसर्गाची देणगी!" समोर बसलेला माणूस पाचातून एक वेळू निवडण्याचं शिक्षण सांगत होता आणि मला तेव्हाही ते देणगीच वाटत होतं. (एकलव्याचीही गोष्ट निघाली. बाबांनी दोन बोटांच्या चिमटीत दोरी धरून दाखवली, अंगठा बाजूला. "आंगठ्याचं कामच न्हाई," म्हणाले. द्रोणाचार्यांनी मागितला तो अंगठा जाऊनही माणूस तीर मारू शकतो, हे ते इतक्या सहज म्हणाले की मी त्याचा विचार घरी आल्यावर केला.)

आता माझा हिशेब ऐका. मुंबईतला ओळखीचा एक संग्राहक अशा कामठ्याला बारा-पंधरा हजार सहज देईल, हे मला माहीत होतं. मला विकायचा नव्हता, पण आकडा डोक्यात आला हे खरं. रोख पैसे देऊ करणं बरं दिसणार नाही. मग काय द्यावं? घरी बायकोचं शिलाई मशीन होतं. तिचे गुडघे दुखायला लागल्यापासून चार वर्षं झाकून ठेवलेलं. विद्यार्थ्याची बायको शिवणकाम शिकलेली. तिला मशीन, मला कामठा. वर मीच त्यांच्यावर उपकार केल्यासारखं. मला नको असलेली वस्तू देऊन हवी असलेली घ्यायची आणि शिवाय दानशूर ठरायचं. हा सौदा मला सुचायला अर्धा मिनिटही लागलं नाही. रक्तात असावं लागतं.

मी बोललो. कामठा जपला जाईल, चार लोक बघतील, तुमच्या वडिलांचं नाव राहील, असं सगळं. बाबा तंबाखू मळत ऐकत होते. नाही म्हणाले नाहीत. विचारलं, "मूळचं कुठलं म्हनायचं तुमी, गुरुजी?"

"राजूरचे."

"राजूरात कुनाचे?"

मी आजोबांचं नाव सांगितलं. तंबाखू मळणारा अंगठा थांबला. "म्हंजी पिंपळापल्याडलं दुकान?" मी हो म्हणालो. "शेटचे नातू!" असं म्हणून ते मनापासून हसले. मला वाटलं, आता काम झालं. आजोबांची पुण्याई.

"मंग मशीन नको," बाबा म्हणाले. "शेटची पायली द्या. घ्यायची."

"घ्यायची म्हणजे?"

"दोन व्हत्या ना. येक घ्यायची, येक द्यायची. त्यातली घ्यायची द्या."

चुलीवर चहा उकळत होता. माझा विद्यार्थी एकदम उठला, "बाबा, जाऊ दे ना ते, सर, तुम्ही चहा घ्या," असं काहीतरी पुटपुटला. त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं की ही गोष्ट या घरात नवी नाही. ती त्यालाही पाठ आहे. मी वर्गात त्याला त्रैराशिक शिकवत होतो तेव्हाही पाठ असणार.

बाबांच्या आवाजात राग नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. असता तर मला सोपं गेलं असतं. जुन्या बाजाराच्या आठवणी काढाव्यात तसं बोलत होते. त्यांचा बाप घरून आपल्या अधोलीने दहा अधोल्या हिरडा मोजून निघायचा. दोन अधोल्यांची पायली, म्हणजे पाच पायल्या व्हायला पाहिजेत. आमच्या ओट्यावर त्या चारच भरायच्या. त्यातही घेताना वर शीग लावून आणि मीठ देताना पायलीच्या तोंडावरून हात फिरवून. बाबा सात-आठ वर्षांचे असतील. बापाबरोबर ओझं घेऊन यायचे, आजोबा हातावर लिमलेटची गोळी ठेवायचे.

मी विचारलं, "मग बोलत का नव्हते?"

"बोलून मीठ कुठनं आनायचं? म्होरल्या दुकानात? त्याची पायली आनखी मोठी." आणि मग डोळे बारीक करून, गुपित सांगावं तसं, "आमीबी मंग हिरड्यात तळाला वलाच हिरडा घालायचो. वला फुगीर असतो, पायली लौकर भरती. शेटला ठावं व्हतं. शेटला ठावं हाये हे बालाबी ठावं व्हतं." पुन्हा हसले.

इथे मी जरा थांबतो, कारण त्या चहाच्या कपापाशी मी पुढे कित्येक दिवस थांबलेला होतो.

पहिली भावना शरमेची नव्हती. रागाची होती. म्हातारा खोटं बोलतोय, ऐकीव सांगतोय, सगळ्या दुकानदारांना एकाच मापाने मोजतोय, असं वाटलं. ('मोजतोय' हा शब्द मनात आला आणि तोच टोचला.) मग आजोबा आठवले, त्यांची पाणपोई, त्यांची एकादशी. मग तो ओला हिरडा. रागाला खरी चीर पडली ती त्या ओल्या हिरड्याने. फसवला गेलेला भोळा माणूस मला ओळखीचा होता, त्याच्याविषयी कळवळा कसा आणायचा हे मला येत होतं. पण हा बाप भोळा नव्हता. त्याने घरी मोजलं होतं, फरक काढला होता, दुसऱ्या दुकानाचा भाव काढला होता, गप्प राहण्याची किंमत आणि बोलण्याची किंमत तोलून पाहिली होती, आणि जिथे जमेल तिथे थोडं वसूलही केलं होतं. आजोबा आणि तो, दोघं एकमेकांना पुरतं ओळखून होते. फरक एवढाच की मीठ एकाकडेच होतं.

आम्ही त्यांच्याकडे पाहत आलो, असं मला वाटत होतं. तेही आमच्याकडे पाहत होते, आणि जास्त नीट.

शेवटी मी विचारलं, "पायलीचं काय करणार तुम्ही?"

"तुमी कामठ्याचं काय करनार?"

"ठेवीन. जपून."

"आमीबी ठिवू," बाबा म्हणाले.

त्या दिवशी काहीच न ठरवता परत आलो. रात्री शोकेसमधली पायली काढली, माळ्यावरच्या पेटीतली दुसरी काढली. शेजारी शेजारी ठेवल्या तर जुळ्या बहिणी. धाकटी काठोकाठ तांदळाने भरली आणि मोठीत ओतली. मोठी भरली नाही. चांगली दोन बोटं जागा राहिली. मी पट्टी घेऊन बसलो. उंची आणि तोंडाचा व्यास, दोन्ही शेकडा साडेसात-आठने जास्त. डोळ्याला आठ टक्के कळत नाहीत. पण तिन्ही बाजूंनी आठ वाढले की आत माल सव्वापट मावतो. बरोबर दहा अधोल्यांच्या चार पायल्या. ज्याने कुणी ते माप घडवून घेतलं त्याचं घनफळ माझ्यापेक्षा पक्कं होतं.

आणि मग ते आठवलं. नववीला दंडगोलाचं घनफळ शिकवताना मी हीच पायली एकदा वर्गात नेली होती. वसतिगृहातल्या एका मुलाने घरून अधोली आणली होती. पोरांनी भरून पाहिलं: दोन मावायला हव्यात तिथे अडीच मावल्या. मी काय म्हणालो? म्हणालो, "तुझ्या घरची अधोली लहान असेल." वर्ग हसला. मीही हसलो. तो मुलगा अधोली पिशवीत घालून जागेवर बसला. गणिताचा मास्तर मी. समोर उत्तर आलेलं असताना मी उत्तर आणणाऱ्याला खोटं ठरवलं.

फरशीवर तांदूळ सांडलेले, दोन पायल्या, पट्टी आणि मी. बायको पाणी प्यायला उठली तेव्हा हे दृश्य. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सासूबाईंनी मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, शोकेसमधली ती पायली स्वयंपाकघरात आणू नकोस, तिच्या मापाने तांदूळ जास्त पडतो."

"मग मला कधी बोलली नाहीस?"

"मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. दुकान तुमचं." मग केरसुणी आणत म्हणाली, "इतके कसे भोळे हो तुम्ही?"

त्यानंतरचे पाच-सहा आठवडे मला फारसे अभिमानाने सांगता येण्याजोगे नाहीत. सारखी आठवत होती ती माझी भाषणं. राघोजी भांगरे देवगावचे, म्हणजे आमच्याच मुलखातले. त्यांना 2 मे 1848 रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. त्यांच्या बंडात सावकारांची नाकं कापली गेली, हे मी व्यासपीठावरून किती रंगवून सांगितलं आहे. 1875 साली सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले आणि ते लोण आपल्या नगर जिल्ह्यात आलं, हेही. टाळ्या पडायच्या. बोलताना मी कायम नाकं कापणाऱ्यांच्या बाजूला उभा असायचो. पिंपळापल्याडच्या दुकानाचा नातू तिथे कसा काय उभा, असं श्रोत्यांपैकी कुणी विचारलं नाही. आता वाटतं, मागच्या रांगेतल्या काहींना ते विचारावंसं वाटलंही असेल.

पायली द्यावी की न द्यावी? देणं म्हणजे कबुली. ती त्या घरात टांगली जाणार, आल्यागेल्याला दाखवली जाणार, आजोबांच्या नावासकट. चुलतभावांना कळलं तर ते माझ्याशी बोलणार नाहीत. त्यांना कळवायचं की नाही? आणि द्यायचीच तर एका कामठ्यासाठी का? नुसतीच नेऊन का देऊ नये? पण मग कामठा हातचा जातो. हो, हाही विचार होता. सगळ्या प्रायश्चित्ताच्या गर्दीत कामठा कुठेही गेला नव्हता.

एक गोष्ट मी बायकोलाही सांगितली नव्हती, इथे लिहितो. दोन्ही पायल्या दिसायला सारख्याच. धाकटी द्यावी, असं माझ्या मनात आलं. बाबांना पायली मिळेल, मला कामठा मिळेल, आणि आजोबांचं माप कुणी काढलंच तर ते चोख निघेल. किती सुबक! हा विचार मी झटकून टाकला असं म्हणायला मला आवडलं असतं. मी तो पूर्ण एक दिवस बाळगला. दुपारची झोप झाली, संध्याकाळी फिरून आलो, तरी तो तिथेच होता. आजोबांनी दोन पायल्या का ठेवल्या असतील, हे मला त्या दिवशी आतून समजलं. त्यांनाही ते असंच सोयीचं आणि सुबक वाटलं असणार. राक्षस नव्हते ते. नाहीतर मी तरी कोण?

डिसेंबरात मोठी पायली पिशवीत घालून गेलो. चुलतभावांना सांगितलं नाही; या लेखातूनच कळेल. बाबांनी पायली हातात घेतली, आत बोटं फिरवली, आणि मुलाला हाक मारून घरातली अधोली मागवली. नागली भरून पायलीत ओतली. एक. दोन. मग अर्धी. शीग न लावता काठाशी आली. मी गेलो तो दिवसभर याच क्षणाची भीती घेऊन, पण झालं काय, की त्या तिसऱ्या अर्ध्या अधोलीला माझाच श्वास सुटला. मी धाकटी आणली असती तर?

"बराबर," बाबा म्हणाले. बाप बरोबर होता, एवढाच त्याचा अर्थ.

मग मी शेवटची चूक केली. फार गहिवरून म्हणालो, "बाबा, पायली तुमचीच आहे. कामठा राहू द्या तुमच्याकडे, मला नको." मनात हे वाक्य घोळवत, गाडी चालवताना सुधारत आणलं होतं. बाबांचा चेहरा पहिल्यांदा कडक झाला.

"का? फुकाट घ्यायला मी काय भिकारी हाये? सौदा झालाय नव्हं?"

सौदा. त्या शब्दाला त्यांच्याकडे जी किंमत होती, ती मी द्यायला तयार नव्हतो. मला उदार व्हायचं होतं, म्हणजे पुन्हा ओट्यावर बसून गोळी वाटायची होती. ते मात्र बरोबरीच्या माणसाशी व्यवहार करत होते. उठून त्यांनी स्वतः कामठा काढला, फडक्यात गुंडाळला आणि माझ्या हातात दिला. वर तीन तीरही दिले, "हे शिगेचे" म्हणून.

एक अट मात्र घातली. माझ्या फ्लॅटमध्ये चूल नाही, धूर नाही. पावसाळ्यात वेळूला भुंगा लागणारच. म्हणून मृगाआधी कामठा वाडीवर आणून द्यायचा, चार महिने चुलीवर टांगायचा आणि दिवाळीला न्यायचा. दोरी चढवलेली ठेवायची नाही, कामठा मरतो. रिकामा सोडायचा नाही. हे शेवटचं सांगताना माझ्याकडे रोखून पाहिलं.

संगमनेरला मी अजून तो नीट ओढू शकत नाही. छातीपर्यंत येतो, गालापर्यंत येत नाही. खांदा दुखतो. पायलीचं काय केलं म्हणून मध्यंतरी विद्यार्थ्याला फोनवर विचारलं. भिंतीवर टांगली असेल, माणसं बघायला येत असतील, अशी माझी कल्पना. तो थोडा अडखळला. म्हणाला, "सर, आई तिच्यात कोंबड्यांचे दाणे ठेवते. झाकण बसेना म्हणून वर ताट ठेवलंय."

मे संपत आला आहे. रोज सकाळी कामठ्याखालच्या फरशीवरून बोट फिरवून बघतो, भुंग्याने पाडलेलं पीठ आहे का. अजून नाही. येत्या रविवारी वाडीवर पोचवायचा आहे.